टेड कॉड : विचारणाऱ्याच्या बाजूचा माणूस

पावसाळ्यात मोलगीत लाईट जाणं ही काही बातमी नाही. समजा, अशाच एका दुपारी तुम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टवर काम करत बसला आहात. प्रोजेक्ट साधाच आहे. भगर आणि आमचूर विकायला आणणाऱ्या शेतकऱ्यांच्या नोंदी ठेवायच्या. कुणी किती माल आणला, काय भाव मिळाला, पैसे हातात पडले की राहिले. कॉम्प्युटरवर झॅम्प टाकलंय, त्यात मायएसक्यूएलचा डेटाबेस चालू आहे, वीस-पंचवीस नोंदी भरूनही झाल्यात. आणि लाईट गेली.

अर्ध्या तासानं ती आली. तुम्ही कॉम्प्युटर चालू केला, ब्राऊझर उघडला, तर प्रोजेक्टच्या पानावर फक्त एरर. डेटाबेसशी जोडणी होत नाही म्हणे. घाबरायला होतं. नोंदी गेल्या की काय?

गेल्या नसतात. झालेलं एवढंच असतं की झॅम्पचं कंट्रोल पॅनल उघडून मायएसक्यूएलपुढचं स्टार्ट बटण दाबायचं राहून गेलेलं असतं. रोज ते बटण तुम्ही दाबता म्हणून डेटाबेस जागा होतो. ज्या दिवशी तुम्ही नसाल त्या दिवशी तो झोपलेलाच राहणार. त्याच पॅनलवर डावीकडे सर्व्हिस नावाचा एक रकाना असतो, त्यात लाल फुली असते. बहुतेक पोरं तिच्याकडे कधी बघतही नाहीत. पॅनल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्या फुलीवर क्लिक केलं की तिथे हिरवी खूण येते. मग डेटाबेस चालू करायची जबाबदारी तुमच्याकडून ऑपरेटिंग सिस्टीमकडे जाते. कॉम्प्युटर चालू झाला की तोही चालू. लॉगिन कुणी केलं, केलं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

या एवढ्याशा हिरव्या खुणेमागे दोन मोठे विचार आहेत. पहिला असा की एकाच मशीनमध्ये अनेक प्रोग्रॅम एकमेकांच्या पायात न येता नांदू शकतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक मुकादम असतो. दुसरा असा की माहिती विचारणाऱ्याला ती आत कुठे आणि कशी ठेवलीय हे माहीत असण्याची गरज नाही. गंमत बघा, या दोन्ही विचारांच्या सुरुवातीला एकच माणूस उभा दिसतो. एडगर फ्रँक कॉड. जवळचे लोक त्याला टेड म्हणायचे.

सात भावंडांतला धाकटा

टेडचा जन्म ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड नावाच्या खडकाळ बेटावरचा. या भागाची ओळख म्हणजे दगडाच्या खाणी. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय, आई शिक्षिका. सात भावंडांत टेड सगळ्यात धाकटा. पोरगा गणितात हुशार निघाला, शिष्यवृत्ती मिळाली आणि तो ऑक्सफर्डला पोहोचला. पण तेव्हा दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. शिकत असल्यामुळे त्याला सैन्यभरतीतून सूट मिळू शकत होती. त्यानं ती घेतली नाही. तो ब्रिटिश हवाई दलात गेला आणि पाण्यावर उतरणारी सुंदरलँड जातीची अवजड विमानं चालवू लागला. विमान उडवायचं वेड त्याला तिथे लागलं आणि ते पुढे बराच काळ टिकलं.

युद्ध संपलं. टेड परत ऑक्सफर्डला आला, १९४८ मध्ये गणिताची पदवी घेतली आणि लगेच अमेरिकेला निघाला. आता ऑक्सफर्डचा गणिती म्हटल्यावर आपल्याला वाटेल की त्याला तिथे पायघड्या घातल्या असतील. तसं काही झालं नाही. न्यूयॉर्कमध्ये त्याची सुरुवातीची नोकरी होती मेसीज या मोठ्या दुकानात, पुरुषांचे खेळाचे कपडे विकण्याची. मग टेनेसी विद्यापीठात काही महिने गणित शिकवलं. १९४९ मध्ये तो आयबीएममध्ये लागला. प्रोग्रॅमर हा शब्दही तेव्हा नवा होता. त्याचं पद होतं प्रोग्रॅमिंग करणारा गणिती.

काचेमागचं मशीन

पहिलं काम मिळालं ते एसएसईसी नावाच्या अजस्र गणनयंत्रावर. न्यूयॉर्कच्या भर वस्तीत, रस्त्याला लागून असलेल्या काचेमागे हे यंत्र मांडलेलं होतं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. हजारो व्हॅक्यूम ट्यूब, हजारो रिले, भिंतभर लुकलुकणारे दिवे.

दिसायला भारी, पण काम एका वेळी एकच. एक गणित लावायचं, ते संपायची वाट बघायची, मग दुसऱ्याची मांडामांड. प्रत्येक वेळी माणसानं उठून सगळं जुळवायचं. स्टार्ट बटण रोज हातानं दाबणाऱ्या आपल्या प्रोजेक्टवाल्याची गोष्ट खरं तर तिथपासूनची आहे. मशीन कितीही मोठं असो, शेजारी कुणी माणूस उभा नसेल तर ते ठप्प.

कॉड तिथे रुळला. आयबीएमच्या पुढच्या ७०१ या संगणकावरही त्यानं काम केलं. सगळं सुरळीत चाललं असताना १९५३ मध्ये त्यानं आयबीएम सोडली आणि देशही सोडला. कारण पगाराचं नव्हतं. अमेरिकेत तेव्हा सिनेटर जोसेफ मॅकार्थीचा जोर होता. कुणावरही कम्युनिस्ट असल्याचा संशय घ्यायचा, चौकशीला ओढायचं, नोकरीतून उठवायचं, असा तो काळ. कॉडला हे सहन झालं नाही. निषेध म्हणून तो कॅनडात ओटावाला गेला आणि तिथल्या एका कंपनीत आकडेमोडीचा विभाग सांभाळू लागला. तिशीला आलेला माणूस, हातात आयबीएममधली नोकरी, आणि तो ती सोडून जातो. त्याचा हा स्वभाव लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा दिसणार आहे.

एका मशीनवर अनेक कामं

पुढे एकदा जुन्या साहेबांची अचानक गाठ पडली आणि १९५७ मध्ये कॉड आयबीएममध्ये परतला. कंपनी तेव्हा स्ट्रेच नावाचा महासंगणक बांधत होती. आधीच्या ७०४ या संगणकाच्या शंभरपट वेग हे त्याचं लक्ष्य होतं.

इथे एक जुनी अडचण मोठी होऊन समोर आली. संगणकाचं गणित करणारं अंग भलतंच वेगवान, पण टेप वाचणं, कागदावर छापणं ही कामं मंद. टेपवरून माहिती येईपर्यंत तो महागडा प्रोसेसर नुसता बसून राहायचा. घरी आई भाकरी तव्यावर टाकून नुसती बघत बसते का? ती भाजेपर्यंत दुसरी थापते, मध्येच चुलीत लाकूड सारते. मशीननंही तसंच करावं. एक प्रोग्रॅम टेपची वाट बघतोय तोवर दुसऱ्याचं काम उरकावं.

बोलायला सोपं आहे. पण एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याच्या जागेत लुडबूड केली तर? एक बिघडला म्हणून सगळे मेले तर? प्रिंटर आधी कुणाला द्यायचा? म्हणजे सगळ्यांच्या वर एक मुकादम हवा. कुणाला किती वेळ, कुणाला कुठली जागा हे तो ठरवेल. कुणी हद्द ओलांडली तर त्याला थांबवेल, आणि बाकीच्यांना झळ बसू देणार नाही. स्ट्रेचसाठी असा मुकादम प्रोग्रॅम घडवणाऱ्या टीमचं नेतृत्व कॉडनं केलं. १९५९ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेवर निबंध प्रसिद्ध केला. मल्टिप्रोग्रॅमिंगच्या इतिहासात हे काम अगदी सुरुवातीचं मानलं जातं.

स्ट्रेच १९६१ मध्ये तयार झाला, पण शंभरपट वेग काही त्याला गाठता आला नाही. कंपनीला किंमत जवळपास निम्म्यावर आणावी लागली. बाजाराच्या हिशोबात तो फसलाच. त्यातल्या कल्पना मात्र आयबीएमच्या पुढच्या सिस्टीम ३६० मध्ये गेल्या आणि तिथून सगळीकडे पसरल्या.

याच सुमाराला, १९६३ च्या आसपास, एमआयटीतल्या मंडळींनी पडद्यामागे गुपचूप काम करत राहणाऱ्या प्रोग्रॅमला एक नाव दिलं. डीमन. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या विचारप्रयोगात न थकता रेणू निवडत बसणारा एक काल्पनिक डीमन आहे, त्याच्यावरून. आपण त्याला वेताळ म्हणू. दिसत नाही, झोपत नाही, हाक मारली की हजर. मायएसक्यूएलच्या सर्व्हर प्रोग्रॅमच्या नावात शेवटी जे डी हे अक्षर असतं ना, ते या वेताळाचं. विंडोजवर त्यालाच सर्व्हिस म्हणतात.

चाळिशीत पीएचडी

स्ट्रेच झाल्यावर कॉडनं काय करावं? तो परत कॉलेजात गेला. आयबीएमच्या शिष्यवृत्तीवर मिशिगन विद्यापीठात. सोबतचे विद्यार्थी त्याच्याहून कितीतरी लहान. १९६५ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्यानं चाळिशी ओलांडलेली होती. विषय होता स्वतःचीच नक्कल तयार करू शकणारी यंत्रं. जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञानं अशा काल्पनिक यंत्राची मांडणी केली होती, पण त्यात प्रत्येक घराला २९ अवस्था लागत. कॉडनं ते ८ अवस्थांत करून दाखवलं. गुंतागुंत बघितली की ती कमी कशी होईल असाच प्रश्न या माणसाला पडायचा. त्याच्या पुढच्या, सगळ्यात मोठ्या कामात हीच सवय उपयोगी पडली.

वाट माहीत असेल तरच उत्तर

साठचं दशक संपत आलं तेव्हा कॉड कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत होता. तोवर बँका, विमान कंपन्या, कारखाने यांची माहिती संगणकात जाऊ लागली होती. अपोलो चांद्रमोहिमेच्या लाखो सुट्या भागांचा हिशोब ठेवण्याच्या गरजेतून आयबीएमची आयएमएस ही प्रणाली जन्माला आली होती आणि ती जोरात विकली जात होती.

ती चालायची कशी हे समजायला आपला आमचूरचा प्रोजेक्ट घेऊ. समजा, व्यापाऱ्याची वही अशी आहे: प्रत्येक शेतकऱ्याला एक पान, त्या पानावर त्यानं आणलेल्या मालाच्या नोंदी. एका शेतकऱ्यानं किती आमचूर आणलं हे पटकन सांगता येतं. पण मार्चमध्ये सगळ्यांचं मिळून किती आलं? कुठल्या पाड्यावरून सगळ्यात जास्त आलं? आता सगळी वही चाळा. वही ज्या प्रश्नासाठी बांधलेली असते तो प्रश्न सोपा, बाकीचे सगळे अवघड.

आयएमएससारख्या प्रणालीत माहिती अशीच झाडासारखी बांधलेली असायची. मुळापासून फांदीवर, फांदीवरून डहाळीवर. पाहिजे त्या नोंदीपर्यंत जायची वाट प्रोग्रॅमरला पाठ असावी लागे. ती वाट प्रोग्रॅममध्येच लिहिलेली असायची. उद्या कुणी आतली मांडणी बदलली की वाट चुकली आणि प्रोग्रॅम कोसळला. आणि ज्याला खरंच प्रश्न पडलाय तो साहेब, तो कारकून, तो शेतकरी? त्यानं प्रोग्रॅमरपुढे उभं राहायचं आणि आठवडाभरानं या असं ऐकायचं.

कॉडला हे खटकलं. त्रास कुणाला व्हायला हवा, मशीनला की माणसाला? १९६९ मध्ये त्यानं कंपनीअंतर्गत एक टिपण लिहिलं आणि जून १९७० मध्ये त्याचा सुधारलेला निबंध एका नामवंत संगणक नियतकालिकात छापून आला. मोठ्या आणि सामायिक माहितीसाठ्यांसाठी संबंधांवर आधारलेली मांडणी, असा त्याचा विषय होता. यातला सामायिक हा शब्द महत्त्वाचा. साठा एकाचा नाही, अनेकांचा. कोण कधी काय विचारेल सांगता येत नाही.

त्याचा उपाय ऐकायला अगदीच साधा होता. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. शेतकऱ्यांचा एक तक्ता, मालाच्या आवकीचा दुसरा. प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःचा क्रमांक, म्हणजे किल्ली. आवकीच्या नोंदीत नाव-गाव पुन्हा लिहायचं नाही, फक्त तो क्रमांक. दोन तक्ते जोडायचे ते या क्रमांकानं. ओळ कितव्या जागी आहे, डिस्कवर कुठे पडलीय, याला काडीचंही महत्त्व नाही. विचारणाऱ्यानं फक्त काय हवंय ते सांगायचं. कसं शोधायचं हे मशीन बघेल. आणि हे सगळं त्यानं संच आणि तर्कशास्त्राच्या गणितावर उभं केलं, त्यामुळे उत्तर बरोबर आहे का हे सिद्ध करता येत होतं. संच हा धडा आयुष्यात कुठे लागतो असं विचारणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी.

घरच्यांशीच भांडण

हा निबंध वाचून आयबीएमनं कॉडला डोक्यावर घेतलं असेल असं वाटतं ना? उलटच झालं. आयएमएस हे कंपनीचं दुभतं जनावर होतं. तिचेच पाय कापणारी कल्पना घरातून आलेली कुणाला आवडेल? शिवाय अनेक अनुभवी लोकांना प्रामाणिकपणे वाटायचं की तक्त्यांचा हा प्रकार कागदावर छान आहे, प्रत्यक्षात तो फार हळू चालेल. कल्पना लवकर पुढे सरकेना.

मॅकार्थीच्या काळात नोकरी सोडणारा माणूस इथेही गप्प बसला नाही. या वेळी त्यानं नोकरी सोडली नाही, भांडण चालू ठेवलं. तो लेख लिहीत राहिला, परिषदांत बोलत राहिला, ग्राहकांनाही पटवत राहिला. १९७४ मध्ये संगणक अभ्यासकांच्या एका परिषदेत त्याची चार्ल्स बाकमन यांच्याशी जाहीर चर्चा झाली. बाकमन म्हणजे वाटा जोडून नोंदींपर्यंत पोहोचणाऱ्या जुन्या पद्धतीचे मोठे जाणकार, त्याच कामासाठी ट्युरिंग पुरस्कार मिळवलेले. ही चर्चा त्या क्षेत्रात आजही आठवली जाते.

अखेर सॅन होजेतच सिस्टीम आर नावाचा प्रयोग सुरू झाला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉईस या तरुण संशोधकांनी तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा तयार केली. तिचं नाव सीक्वेल, तेच पुढे एसक्यूएल झालं. त्याच वेळी बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी कॉडचे निबंध वाचून इंग्रेस बांधायला घेतलं. त्याच्या पुढच्या पिढीतून आजचं पोस्टग्रेस आलं. लॅरी एलिसनच्या कंपनीनं १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलं. ज्या कंपनीत कल्पना जन्मली त्या आयबीएमचं पहिलं विक्रीयोग्य उत्पादन मात्र १९८१ मध्ये आलं आणि डीबी२ आणखी दोन वर्षांनी. दरम्यान कॉडला १९७६ मध्ये कंपनीचा सर्वोच्च तांत्रिक सन्मान, आयबीएम फेलो, मिळाला होता. १९८१ मध्ये त्यालाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

तरी गडी खूश नव्हता. एसक्यूएलमध्ये एकच ओळ दोनदा येऊ शकते हे त्याच्या गणिताला धरून नव्हतं आणि हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. जगभर आपल्या विचाराचा डंका वाजतोय आणि आपण मात्र त्यातल्या चुका दाखवत बसलोय, असा तो माणूस.

आधी कीर्द, मग खतावणी

आता पुन्हा मोलगीच्या त्या दुपारकडे येऊ. लाईट गेली तेव्हा तुम्ही भरलेल्या नोंदींचं काय झालं?

जुन्या दुकानदारांची रीत आठवा. व्यवहार झाला की आधी तो कीर्दीत, म्हणजे रोजच्या वहीत, उतरवायचा. सवडीनं तो खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवायचा. डेटाबेसही हेच करतो. मूळ तक्त्याचा बदल डिस्कवर पक्का होण्याआधी तो एका लॉगमध्ये लिहितो. लाईट मधेच गेली आणि पुन्हा आली की सर्व्हर आधी ती कीर्द वाचतो. पूर्ण झालेले व्यवहार तक्त्यावर चढवतो, अर्धवट राहिलेला व्यवहार धरत नाही. मगच दार उघडतो. या विचाराला पक्कं रूप देणाऱ्यांत सिस्टीम आरवर काम केलेला जिम ग्रे हे मोठं नाव.

पण ही कीर्द वाचायला सर्व्हर आधी जागा तर व्हायला हवा. तिथे ऑपरेटिंग सिस्टीमचा मुकादम लागतो. लिनक्सवर आज बहुतेक ठिकाणी हे काम सिस्टीमडी करतो, विंडोजवर सर्व्हिसेसची यादी सांभाळणारा विभाग. सर्व्हिस म्हणून नोंदवलेल्या डेटाबेससाठी हा मुकादम काय-काय करतो?

मशीन चालू होताना ठरलेल्या क्रमानं त्याला उठवतो. ज्या गोष्टी आधी तयार असायला हव्यात त्या आधी, डेटाबेस नंतर. तसं ठरवून ठेवलं असेल तर त्याला स्वतःच्या वेगळ्या, कमी अधिकारांच्या खात्यातून चालवतो, म्हणजे उद्या त्यात कुणी घुसलं तरी सगळं घर त्याच्या हाती लागत नाही. पोस्टग्रेस तर लिनक्सवर सर्वाधिकारी खात्यातून चालू करायला गेलात तर सरळ नकार देतं. तो मधेच कोसळला तर, तसं सांगून ठेवलं असेल तर, पुन्हा चालू करतो. मशीन बंद करताना त्याला आधी सूचना देतो, हातातलं काम आवरायला वेळ देतो. आणि कधी काय झालं याची नोंद ठेवतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी कारण शोधता येतं.

हे सगळं काही जादू नाही बरं का. डिस्क भरली असेल तर मुकादम कितीही वेळा उठवो, डेटाबेस पुन्हा झोपणार. तेव्हा उठवत बसण्यापेक्षा नोंदी वाचायच्या असतात. डिस्कच जळाली तर कीर्दही गेली. त्यासाठी बॅकअप वेगळा घ्यावा लागतो आणि तो वेगळ्या जागी ठेवावा लागतो. मुकादम हजेरी घेतो, विमा उतरवत नाही.

शेवटची वर्षं

१९८४ मध्ये कॉड आयबीएममधून निवृत्त झाला. तोवर जो-तो आपल्या उत्पादनाला रिलेशनल म्हणवून घेऊ लागला होता. कॉड वैतागला. १९८५ मध्ये एका संगणक साप्ताहिकात त्यानं खऱ्या रिलेशनल डेटाबेसचे नियम छापले. बारा नियम म्हणून ते प्रसिद्ध आहेत, पण शून्यापासून मोजलेले असल्यानं प्रत्यक्षात तेरा भरतात. गणिती माणूस! त्यातला आठवा नियम असा की माहिती आत कशीही हलवा, साठवण्याची पद्धत बदला, वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमला त्याची झळ बसता कामा नये. त्याच्या १९७० च्या निबंधाचा गाभा हाच होता.

त्याचं सगळंच निष्कलंक होतं असंही नाही. १९९३ मध्ये त्यानं माहितीच्या विश्लेषणासाठी ओलॅप नावाची कल्पना आणि तिचे नियम मांडले. ज्या कंपनीचं उत्पादन त्या नियमांत चपखल बसत होतं तिनंच त्या कामाला पैसे दिले होते हे पुढे आलं आणि टीका झाली. आयुष्यभर तत्त्वासाठी भांडलेल्या माणसाच्या चरित्रात हा डाग राहिलाच, आणि तो सांगायला हवा.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात राहत्या घरी हृदयविकारानं टेड कॉड गेला. वय ७९.

टेंभलीपासून मोलगीपर्यंत

त्यानंतर सातच वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१० ला, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले होते. बारा अंकांचा क्रमांक, एका माणसाला एकच, दुसऱ्या कुणाला तो मिळणार नाही. कॉडच्या तक्त्यातली ती किल्लीच ही. नाव एकसारखं असेल, गाव एकसारखं असेल, पण किल्लीवरून माणूस नेमका सापडतो. टेंभलीच्या मांडवात कॉडचं नाव कुणाला आठवायचं कारण नव्हतं.

आज रेशन, शिष्यवृत्ती, सातबारा, कॉलेजचा प्रवेश, सगळ्याच्या मागे कुठेतरी तक्ते आहेत आणि ते तक्ते सांभाळणारा एखादा वेताळ आहे. तो जागा असेल तर कुणाला त्याची आठवणही येत नाही. तो झोपला की आपल्याला फक्त तीन शब्द ऐकू येतात. सर्व्हर डाऊन आहे. शहरात या तीन शब्दांची किंमत म्हणजे चहा पिऊन परत यायचं. सातपुड्यातल्या पाड्यावरून पायी निघून, मिळेल त्या जीपनं मोलगीला पोहोचलेल्या आजीला ती किंमत एका दिवसाची मजुरी असते. परत येण्याचं भाडं वेगळं.

म्हणून ही हिरवी खूण छोटी नाही. तुमच्यातले काही जण उद्या याच जिल्ह्यासाठी अशा प्रणाली बांधतील, काही जण त्या सांभाळतील. त्रास मशीननं सोसायचा की समोर उभ्या माणसानं, हे तेव्हा तुमच्या हातात असेल. कॉडनं एकाच बाजूनं कौल दिला होता आणि त्यासाठी स्वतःच्या कंपनीशी वर्षानुवर्षं वाद घातला होता.

सुरुवात प्रोजेक्टपासून करा. सबमिट करायच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. कंट्रोल पॅनल उघडू नका, कुठलंही बटण दाबू नका. ब्राऊझर उघडा आणि आमचूरचा हिशोब विचारा. उत्तर आलं, तर प्रोजेक्ट झाला.